शेपटी आडवी

घोडबंदर रोड, ठाणे
२८ सप्टेंबर

प्रिय सुनंदा,

दिवाळीच्या सुट्टीत दापोलीला या म्हणतेस, तर आम्ही नक्की येतो. पण आधी ईराचं ऐक.

शाळेसाठी तिने डॉल्फिन काढला. सुरेख, निळाशार, पण शेपटी माशासारखी उभी. मी म्हटलं, "अगं, याची शेपटी आडवी असते." तर लगेच "का?" मग खाली मांजर पळत होतं ते दाखवलं. पळताना त्याची पाठ वर-खाली वाकते, तसाच डॉल्फिनचा कणा. मासा शेपटी डावी-उजवीकडे मारतो, हा वर-खाली. ईरा म्हणाली, "म्हणजे तो पाण्यात पळतो!" तिने खोडरबर घेतलं आणि शेपटी पुसून आडवी काढली.

मग थांबेचना. त्याचं नाक डोक्यावर असतं, श्वासाला वर यावंच लागतं, म्हणून झोपेतही अर्धा मेंदू जागा ठेवतो, हे सांगितलं. रात्री बघते तर बाईसाहेब एक डोळा उघडा ठेवून पडलेल्या.

सगळ्यात रमली ती कानांच्या गोष्टीत. डॉल्फिन टकटक आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून कानापर्यंत जातो. मी काट्याचा चमचा ओट्यावर आपटून त्याची दांडी तिला दातांत धरायला लावली. डोक्यात गुंऽऽ झाल्यावर तिचे डोळे असे विस्फारले! गंगेतला डॉल्फिन तर जवळपास आंधळा. आपल्या खाडीसारख्या गढूळ पाण्यात तो आवाजावरच मासे शोधतो. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं, हे मुलांना वाघ-मोरासारखं पाठ असायला हवं, असं मला फार वाटतं. त्याऐवजी त्यांना चेंडू उडवणारा डॉल्फिनच माहीत. आपल्याकडे २०१३ पासून तसले खेळ करायला परवानगी नाही, याचं मला खरंच समाधान आहे.

आता तुझ्याकडे एक काम. तुमच्या समुद्रात पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन दिसतात, ते ईराला दाखवायचेत. पण त्यांच्या मागे होडी पळवणारा नको. जो कानांनी बघतो, त्याच्या अंगावर इंजिनाचा धडधडाट घालायचा हे मला पटत नाही. लांबच इंजिन बंद करून थांबेल असा कुणी ओळखीचा होडीवाला असेल तर आत्ताच सांगून ठेव. दिसले नाहीत तरी चालेल, हे ईराला मी आधीच सांगितलंय.

काकूंना नमस्कार.

तुझी,
माधवी