वेल जडवण्याआधी कमानीचा हिशेब

प्रिय सुहास,

गिटारच्या बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, शिंपल्याचा रुंद वेल जडवायचा म्हणतोस, तर आधी बोर्डाच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीच्या, कमानीचा हिशेब कर. कमानीची त्रिज्या 12 इंच, म्हणजे 305 मिलिमीटर असेल आणि सपाट तुकडा 40 मिलिमीटर रुंद असेल, तर त्याच्या कडा मध्यापेक्षा सुमारे 0.65 मिलिमीटर जास्त घासल्या जातात. शिंपला दीड मिलिमीटरचा असला तर निभावतं. एक मिलिमीटरचा असला तर कडेला जेमतेम 0.35 उरतो, आणि पुढे कधी फ्रेट बदलताना बोर्ड घासला की तोही गेला. सहा मिलिमीटरच्या ठिपक्याला ही भानगड नाही. म्हणून वेलासाठी आधी बोर्डाला कमान दे, मग तो आडवा तीन भागांत कापून प्रत्येक भाग तिथल्या उतारावर बसव. तेरा मिलिमीटरच्या तुकड्यात फरक 0.07 इतकाच पडतो.

कापायला सोनाराची करवत, 3/0 किंवा 4/0 पातं, दात मुठीकडे. नक्षीचा कागद शिंपल्यावर चिकटव. करवत उभीच ठेव आणि वळणावर तुकडा फिरव. पातं पिळलं की तुटतं. धूळ फुप्फुसांना वाईट, तेव्हा घट्ट बसणारा मास्क लाव. इथे आळस नको.

तुकडे गोंदाच्या थेंबाने जागेवर टेकव, टोकदार सुईने भोवती रेघ ओढ, तुकडे काढ आणि खडू चोळ. एबनीच्या काळ्या लाकडावर रेघ पांढरी उठते. राऊटरला, म्हणजे खाच कोरायच्या यंत्राला, 0.8 मिलिमीटरचा बिट लाव. राऊटरचा तळ अरुंद हवा, नाहीतर कमानीवर डुगडुगतो. खाच शिंपल्याच्या जाडीपेक्षा 0.1 ते 0.2 मिलिमीटर उथळ ठेव, म्हणजे तुकडा किंचित वर राहील.

इपॉक्सी सावकाश सुकणारं घे. बुडबुडे निघायला वेळ मिळतो. त्यात त्याच लाकडाची पूड कालव. एबनीत फटी लपतात, मेपलच्या फिक्या लाकडात मुळीच नाही, तिथे बसवणीच नेमकी हवी. फिक्या लाकडावर सुपरग्लू वापरणार असशील तर खाचेला आधी शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, हात दे, नाहीतर भोवती डाग उमटतो.

घासताना कमानीचा कडक ठोकळाच वापर, 120 नंबरच्या पॉलिशपेपरपासून 600 पर्यंत. बोटाने घासलंस तर लाकूड झिजतं, शिंपला नाही, आणि तुकडा उंचवट्यासारखा हाताला लागतो. इपॉक्सी शिरलेल्या फ्रेटच्या खाचा शेवटी बारीक करवतीने पुन्हा मोकळ्या कर. शिंपल्यातून जाणारी खाच मात्र अगदी हलक्या हाताने काप, कडेचा टवका पटकन उडतो.

तुझा,
अनंत