माझी पाकिटं उघडून देणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

मागच्या मंगळवारी त्या खासगी पार्किंग कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं. माझ्यावरचा दावा मागे घेतलाय. दारातच उभी राहून मी ते तीनदा वाचलं आणि पहिला फोन तुम्हाला लावला. बोलता बोलता रडू आलं आणि आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण इथे इंग्लंडमध्ये, आपल्या स्लाऊमध्ये, हॅरोत, लेस्टरला माझ्यासारखं कुणीतरी आत्ता असलंच पाकीट हातात घेऊन बसलेलं असेल.

विषय होता १ पौंड ८० पेन्सच्या पार्किंगचा. पैसे मी भरले होते, पावती पर्समध्ये होती. लेक तापाने फणफणलेली, कडेवर घेतलेली. मशीनवर गाडीचा नंबर टाकताना एक अक्षर चुकलं. कॅमेऱ्याच्या लेखी माझी गाडी फुकट उभी होती. १०० पौंडांची नोटीस आली. पावतीचा फोटो पाठवला, तर छापील नकार आला. मग वसुलीवाल्यांची पत्रं सुरू झाली, त्यात ७० पौंड वाढलेले. शेवटी नॉर्दम्प्टनचा शिक्का असलेला कोर्टाचा कागद आला, तेव्हा व्याज आणि फी धरून आकडा २६० पौंडांच्या घरात गेला होता.

तोवर मी कुणाकुणाला म्हणून विचारलं नाही! ‘प्रायव्हेट कंपनी आहे, टाक कचऱ्यात. कोर्टात कोण जातंय?’ हे छातीठोकपणे सांगणारी माणसं इथे वीस-वीस वर्षं राहिलेली, चांगली शिकलेली. २०१२ च्या कायद्याने गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून वसुलीची वाट मोकळी झाली, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने असाच ८५ पौंडांचा आकार उचलून धरला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्यावर विसंबून मी पाकिटं उघडणंच सोडून दिलं. कोर्टाचं पाकीट आलं तेव्हा त्याचा फोटो पाठवला, तर सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही साधं उत्तर दिलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आणि तुमची-माझी ओळख ती केवढी? एका हळदीकुंकवाची. तरी तुम्ही म्हणालात, ‘आहे ते सगळं घेऊन ये.’

काकू, त्या संध्याकाळचं एकच सांगते. किराणाच्या पिशवीतून मी पाकिटांचा गठ्ठा तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही चष्मा लावलात, भाजीची सुरी घेतलीत, पहिलं पाकीट हातात धरलंत आणि मला विचारलंत, ‘उघडू?’ मी मान हलवली. मग दुसरं हातात घेतलंत, पुन्हा, ‘उघडू?’ अकरा पाकिटं होती. अकरा वेळा तुम्ही थांबलात. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने तारीख लिहिलीत आणि मेणकापडावर ओळीने मांडत गेलात. इतके दिवस का नाही उघडलीस, असं एका शब्दाने विचारलं नाहीत. कित्येक महिन्यांनी त्या रात्री मला झोप लागली.

माझी आजी वाईला शेजारच्या बायकांची पत्रं वाचून द्यायची. पत्र उघडलं की आधी स्वतः मनात वाचायची, ‘सगळे खुशाल आहेत गं’ म्हणायची आणि मगच मोठ्याने वाचायला घ्यायची. समोरच्या बाईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून. तुमच्या टेबलाशी बसल्यावर मला तीच आठवत होती. दुसऱ्याची भीती ओळखणं आणि तिला हलक्या हाताने धरणं, हे ना वयाने येतं ना शिक्षणाने. ज्यांच्याकडे ते असतं त्यांच्या दारात चपला काढतानाच जिवाला बरं वाटतं.

तुम्ही वकील नाही, हे तुम्ही आधीच सांगितलंत. पण ‘हा कौन्सिलचा दंड नव्हे, ही त्या कंपनीची मागणी आहे, दोन्हींच्या नोटिशीला पीसीएनच म्हणतात म्हणून माणसं घाबरतात,’ हे मला तुमच्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टाचा कागद वाचताना मात्र तुमचा चेहरा बदलला. उठून भिंतीवरच्या कालनिर्णयावर दिवस मोजलेत आणि एका गुरुवारभोवती लाल पेनने गोल केलात. १४ दिवसांच्या मुदतीतले दोनच उरले होते. दावा लढवणार एवढं कळवलं की २८ दिवस मिळतात, हे तुम्हाला ठाऊक होतं. तो गुरुवार हुकला असता तर माझं म्हणणं न ऐकताच निकाल लागू शकला असता आणि वेळेत पैसे भरले नसते तर सहा वर्षं नावावर राहिला असता, कर्ज देणाऱ्यांनाही दिसला असता. आम्ही घराच्या कर्जासाठी अर्ज करायच्या बेतात होतो. आजही त्या लाल गोलाची आठवण झाली की पोटात गोळा येतो.

पुढचं सगळं, जबाब, पुरावे, मध्यस्थीचा फोन, ते इथे लिहीत बसत नाही. फक्त जबाबाचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, ‘तुम्हीच सांगा, मी लिहून घेते.’ तुम्ही कागद माझ्याकडे सरकवलात आणि गप्प बसलात. बऱ्याच वेळाने मी लिहिलं, ‘मी पैसे भरले होते.’ तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, ‘झालं की. हेच तर सांगायचंय.’

काकू, भावाने पुण्याहून नवीन कालनिर्णय पाठवलंय. मी मुद्दाम दोन मागवली होती. शनिवारी लेकीला घेऊन येते, तुमचं तुमच्या भिंतीला लावून देते. जुनं टाकू नका. तो लाल गोल असलेलं पान मला हवंय.

तुमची,
अकरा पाकिटांवाली