उलट्या-जुलाबांच्या साथीत सॅनिटायझरचा काय उपयोग?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उलट्या-जुलाबांची साथ आली की वर्तमानपत्रांतल्या आरोग्यविषयक चौकटी जवळपास एकाच साच्यातून निघतात. बाहेरचे खाऊ नका, पाणी उकळून प्या, हातांना सॅनिटायझर लावा, त्रास वाढल्यास डॉक्टरांना दाखवा. पहिल्या दोन सूचना बरोबर आहेत, पण अपुऱ्या. तिसरी या आजारात चक्क दिशाभूल करणारी आहे. आणि चौथीत ‘त्रास वाढणे’ म्हणजे नेमके काय, हे कुणीच सांगत नाही.

आधी नावाबद्दल. ‘पोटाचा फ्लू’ हा शब्द सर्रास छापला जातो. फ्लूचा विषाणू श्वसनमार्गाचा, त्याचा या आजाराशी संबंध नाही. हा नुसता शब्दांचा कीस नव्हे, कारण चुकीच्या नावामागून चुकीचा उपाय येतो. फ्लूच्या विषाणूभोवती मेदाचे पातळ आवरण असते. अल्कोहोलने ते विस्कटते आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस, सापोव्हायरस आणि अ‍ॅडेनोव्हायरसचे ४० व ४१ क्रमांकाचे प्रकार ही या आजारामागची मुख्य मंडळी. यांपैकी एकालाही असे आवरण नसते, असते ते फक्त प्रथिनांचे घट्ट कवच. नोरोव्हायरसचे कवच तर जठरातल्या आम्लालाही दाद देत नाही, पृष्ठभागावर वाळून दिवसचे दिवस टिकते आणि गोठवले तरी शाबूत राहते. तळहातावर चोळलेल्या सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. रोटाव्हायरस अल्कोहोलला त्या मानाने बराच बधतो हे खरे, पण घरात शिरलेला पाहुणा कोणता, हे तपासणीशिवाय कळत नाही. म्हणून वागायचे ते नोरोव्हायरस आहे असे धरूनच.

१९६८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉर्वॉक येथील एका शाळेत वांत्यांची साथ आली होती. तिच्या नमुन्यांवर काम करताना १९७२ मध्ये विषाणुतज्ज्ञ अल्बर्ट कापिकियन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नोरोव्हायरस दिसला. व्यास जेमतेम ३० नॅनोमीटर. संसर्गाला शंभराहूनही कमी कण पुरतात आणि आजारी माणसाच्या एका ग्रॅम विष्ठेत त्याचे अब्जावधी कण असतात. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की ‘वरवर पुसून घेतले’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

हातांसाठी साबण आणि वाहते पाणी. साबण या विषाणूला मारतो म्हणून नव्हे, तर त्वचेवरून सुटा करतो आणि पाणी वाहून नेते म्हणून. त्यामुळे किमान २० सेकंद चोळणे, नखांच्या कडा, अंगठ्याचा बुंधा आणि शेवटी भरपूर पाण्याने खळखळून धुणे यालाच महत्त्व. इथे एक चूक हमखास होते. शौचाहून आल्यावर ज्या बरबटलेल्या हाताने नळ सोडला, तोच नळ धुतलेल्या हाताने बंद केला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. कोपराने किंवा कागदाने नळ बंद करावा. आजारी माणसाचा पंचा वेगळा ठेवावा.

खरी कसोटी लागते ती कुणाला घरात उलटी झाली की. उलटीच्या जोरासरशी बारीक तुषार उडतात, ते आजूबाजूला बसतात आणि श्वासाबरोबर घशात जाऊन गिळलेही जातात. १९९८ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या एका हॉटेलात मेजवानीच्या वेळी एका बाईंना टेबलापाशीच उलटी झाली. पुढच्या दोन-तीन दिवसांत आजारी पडलेल्यांची टेबलवार मोजणी केली, तेव्हा त्यांच्याच टेबलावरच्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना लागण झालेली आढळली आणि टेबल जसजसे लांब तसतसे प्रमाण उतरत गेले. दोष जेवणाचा असता तर त्याने अंतर पाहिले नसते.

तेव्हा आधी बाकीच्यांना, विशेषतः मुलांना, खोलीबाहेर काढून खिडक्या उघडाव्यात. हातमोजे आणि मास्क घालावा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात वापरू नये, दोन्हींनी कण हवेत उडतात. उलटीवर टाकाऊ कागद किंवा फडकी पसरून ती शोषून घ्यावी आणि कडेकडून मध्याकडे गोळा करत पिशवीत भरून पिशवीचे तोंड बांधावे. मग ती जागा साबणाच्या पाण्याने धुवावी आणि ब्लीच त्यानंतरच. हा क्रम उलटा केला तर ब्लीच फुकट जाते, कारण क्लोरीन आधी घाणीतल्या सेंद्रिय पदार्थांवर खर्ची पडतो आणि विषाणूसाठी काही शिल्लक राहत नाही. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिले असेल, तर २० मिलिलिटर ब्लीचमध्ये पाणी घालून एक लिटर केले की दहा लाखांत १,००० भाग क्लोरीन मिळतो. नळ, कड्या, दिव्याची बटणे, फ्लशची कळ यांना एवढा पुरतो. उलटी-जुलाब प्रत्यक्ष पडलेल्या जागी याच्या पाचपट, म्हणजे लिटरमध्ये १०० मिलिलिटर घ्यावे. पृष्ठभाग किमान ५ मिनिटे, जमल्यास १०, ओला राहिला पाहिजे. फवारले आणि लगेच पुसले तर ब्लीचला काम करायला वेळच मिळत नाही. नंतर साध्या पाण्याने पुसावे, नाहीतर धातूला गंज चढतो. हे द्रावण रोज ताजे करावे, उन्हात आणि उघड्यावर त्याचा जोर उतरतो. आणि आम्ल असलेल्या स्वच्छतागृहाच्या क्लीनरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. सुवासिक फरशी-द्रवांवर मात्र विसंबू नये. वास येतो म्हणजे विषाणू मेले, असे नाही.

खराब कपडे न झटकता गुंडाळी करून उचलावेत आणि साबण घालून ६० अंशांच्या वर, यंत्राच्या सर्वांत लांबलेल्या आवर्तनात वेगळे धुवावेत.

आता बातम्यांतल्या ‘विषबाधे’बद्दल. माणसे दोष देतात ते शेवटच्या जेवणाला. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर जिवाणूंनी अन्नात आधीच तयार करून ठेवलेल्या विषाचा संशय रास्त आहे. नोरोव्हायरसला मात्र १२ ते ४८ तास लागतात आणि रोटाव्हायरसला साधारण दोन दिवस. अ‍ॅडेनोव्हायरस ४० व ४१ तर आठ-दहा दिवस घेतात आणि जुलाबही आठवडाभर किंवा जास्त रेंगाळतात. साथ नोरोव्हायरसची आहे का, हे प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच ओळखण्यासाठी १९८२ पासून चार खुणा वापरल्या जातात. निम्म्याहून अधिक रुग्णांना उलट्या, लागण ते लक्षणे यांत सरासरी २४ ते ४८ तास, आजाराचा सरासरी कालावधी १२ ते ६० तास आणि विष्ठेत रोगकारक जिवाणू न सापडणे. शिवाय ज्यांनी ते जेवण चाखलेही नाही अशी घरची माणसे दोन दिवसांनी आडवी पडू लागली, तर संसर्ग माणसाकडून माणसाकडे चालला आहे हे उघड आहे. बातमीदारांनी ‘काय खाल्ले?’ याबरोबर ‘किती तासांनी?’ आणि ‘न जेवलेल्यांपैकी कुणी आजारी पडले का?’ हेही विचारावे.

उपचारांबाबत सर्वाधिक गोंधळ आहे तो साखर-मिठाच्या पाण्याचा. ‘चिमूटभर मीठ, मूठभर साखर’ हे छापणे बंद करावे, अशी आग्रहाची विनंती. प्रत्येकाची मूठ निराळी असते आणि इथे प्रमाण हेच औषध आहे. रोटाव्हायरस लहान आतड्यातल्या रसांकुरांच्या, म्हणजे अन्नरस शोषणाऱ्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या, टोकाकडच्या पेशी नष्ट करतो. शिवाय त्याचे एनएसपी४ हे प्रथिन विषासारखे काम करून आतड्यात पाणी सोडायला लावते. पण एवढी पडझड होऊनही सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी वाहक यंत्रणा बऱ्याच अंशी चालू राहते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. ही जोडी समसमान लागते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २००२ च्या सूत्रात लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल (कणांच्या संख्येचे माप) आहे. वजनात सांगायचे तर मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. द्रावणाची एकूण तीव्रता, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या कणांचे माप, लिटरमागे २४५ मिलिऑस्मोल. जुन्या सूत्रात ती ३११ होती. ती उतरवल्यावर शिरेतून सलाइन लावावे लागण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले.

बाटलीबंद गोड शीतपेयात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम नावापुरते. ती जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते, जुलाब वाढतात आणि घरच्यांना वाटते की पोरगे पीत तर आहे. वरच्या सूत्राच्या तयार पुडीच्या, म्हणजे ओआरएसच्या, पाकिटाबाबतची चूक याहून गंभीर. एक लिटरचे पाकीट पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात कालवले, तर मीठ पाचपट होते. बाळाच्या रक्तातले सोडियम त्याने धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. पाकिटावर किती पाणी लिहिले आहे ते वाचून, मोजून घ्यावे. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या असे करू नये, पूड सारखी मिसळलेली असेलच असे नाही. केलेले द्रावण २४ तासांनी ओतून द्यावे. पाकीट नसेलच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा ५ मिलिलिटरचा, आणि सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून टाकलेला.

‘पाजले की उलटून टाकतो’ ही तक्रार बहुतेक वेळा घटाघटा पाजल्याने येते. उलटी झाली की दहा मिनिटे थांबावे आणि मग चमच्या-चमच्याने द्यावे. हिशेब करून पाहा. निर्जलीकरण दिसू लागलेल्या मुलाला किलोमागे ७५ मिलिलिटर, चार तासांत द्यायचे असते. दहा किलोच्या मुलाला झाले ७५० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला तीन मिलिलिटरच्या आसपास. दर दीड मिनिटाला एक चमचा दिला तरी काम होते. कंटाळवाणे आहे, घरात दोन माणसे आळीपाळीने बसावी लागतात, पण सुई टळते ती यानेच. पुढे प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १००, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. अंगावरचे दूध बंद करू नये, उपासही घडवू नये. सहा महिन्यांपुढच्या मुलांना झिंक २० मिलिग्रॅम, त्याआधी १० मिलिग्रॅम, रोज, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी ते सोडून देऊ नये.

डॉक्टरांकडे कधी धावायचे? सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत, पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर पूर्ववत व्हायला दोन सेकंदांहून जास्त वेळ, मूल सुस्त किंवा पाणीही न घेणारे, शौचात रक्त, उलटी हिरवी. यातले एकही दिसले तर वाट पाहू नये. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत, उलट त्यांनी जुलाब वाढू शकतात. जुलाब रोखणारे लोपेरामाइड लहान मुलांना देऊ नये.

लशीबद्दल थोडे. रोटाव्हायरस १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि सहकाऱ्यांना सापडला. चाकासारखा दिसतो म्हणून ‘रोटा’. स्वच्छता कितीही ठेवली तरी पाच वर्षांच्या आत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच, म्हणून इथे लस लागते. ती तोंडावाटे देतात आणि पहिला डोस सहा आठवड्यांपासून. ‘लस घेऊनही उलट्या झाल्या’ असे पालक म्हणतात तेव्हा कारण बहुधा दुसराच विषाणू असतो, नोरोव्हायरसवर लस अजून वापरात नाही. १९९८ मध्ये आलेली पहिली रोटा लस आतड्यात आतडे शिरण्याच्या तक्रारींमुळे १९९९ मध्ये मागे घेतली गेली. हल्लीच्या लशींत हा धोका अत्यल्प आहे, पण डोसानंतर बाळ थांबून थांबून कळवळून रडत पाय पोटाशी घेत असेल किंवा शौचात रक्तमिश्रित आव दिसली, तर त्याच दिवशी दाखवावे.

राहता राहिला स्वयंपाकघराचा प्रश्न. आजारी माणसाने शेवटच्या उलटी-जुलाबानंतर पूर्ण ४८ तास इतरांसाठी अन्न शिजवू वा वाढू नये. खानावळी, वसतिगृहे, पाळणाघरे यांना हे ठाऊक असते, पण पगार कापला जाईल या धास्तीने माणूस दुसऱ्याच दिवशी कामावर येतो. त्या दोन दिवसांचा पगार देणे मालकाला साथीपेक्षा स्वस्त पडते. बरे वाटू लागल्यावरही विषाणू दोन आठवडे किंवा अधिक काळ शौचावाटे पडत राहतो, म्हणून कामावर परतलेल्याच्या हाताशी साबण आणि वाहते पाणी हवे, भिंतीवरची सॅनिटायझरची बाटली नव्हे.

आपला,
एक वाचक
(वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र)