योकोहामाची लाल वखार

संपादक महोदय,
मुलाकडे जपानला गेलो होतो तेव्हा योकोहामाच्या बंदरावरची ती लाल विटांची गोदामं बघितली आणि डोक्यातून जातच नाहीयेत, म्हणून लिहितोय. दोन नंबरचं आधी झालं, १९११ मध्ये, आणि एक नंबरचं १९१३ मध्ये, हा उलटा हिशोब मला आधी कळेचना! कस्टमचा माल ठेवायला बांधलेली, पण त्या काळात मालाची लिफ्ट, आगीसाठी स्प्रिंकलर असं सगळं आत, आणि विटांच्या थरांमध्ये लोखंडी पट्ट्या घातलेल्या. त्यामुळे १९२३ च्या भूकंपात अख्खं शहर आडवं झालं तरी दोन नंबर टिकलं, एक नंबर मात्र जवळपास अर्धं गेलं. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने ताब्यात घेतलं, पुढे कंटेनर आले आणि काम कमी होत होत १९८९ ला बंदच. पण पाडलं नाही हो, महापालिकेने १९९२ मध्ये घेतलं आणि २००२ मध्ये दुकानं, हॉल वगैरे करून उघडलं. आता तिथे रविवारी पाय ठेवायला जागा नसते. योकोहामा १९६५ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे म्हणे, मग आपल्या बंदराकडच्या जुन्या वखारींचं काय ठरवलंय ते कोणीतरी सांगा.

– एक वाचक, ठाणे