ट्रॅक्टरचे आसन बाईच्या वजनालाही जुळावे

महोदय,

द्राक्षबागेत फवारणीसाठी गेली 6 वर्षे मी स्वतः ट्रॅक्टर चालवते. आसनाखाली वजनानुसार स्प्रिंग घट्ट किंवा सैल करण्याची मूठ असते. ती माझ्या यजमानांच्या 84 किलोंना जुळवलेली असताना 51 किलोंची मी तशीच बसले, की आसन दबतच नाही आणि बांधावरचा प्रत्येक हादरा थेट कंबरेत चढतो. ही मूठ कशासाठी असते, हे ट्रॅक्टर घेताना आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते.

बसलेल्या माणसाच्या कण्याला साधारण 4 ते 6 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 4 ते 6 वेळा वरखाली होणारी, उभी कंपने सर्वाधिक बाधतात, मग ती स्त्री असो वा पुरुष; मात्र हलक्या शरीराखाली ताठ राहिलेले आसन ती अडवत नाही, आणि गरोदरपणात तर असे हादरे टाळायलाच हवेत. गारठ्याने बोटे पांढरी पडण्याचा त्रास मुळातच बायकांत अधिक दिसतो, आणि हाताला बसणाऱ्या थरथरीने तो बळावू शकतो; त्यामुळे हातात गवत कापण्याचे थरथरणारे यंत्र देतानाही तो विचारात घ्यायला हवा.

युरोपीय संघाने 2002 मध्येच कामगारांच्या कंपनांवर मर्यादा घातली. आपल्याकडे निदान आसनाची जुळणी 45 किलोंपासून सुरू व्हावी आणि विक्रेत्याने ती चालवणाऱ्या बाईला बसवून दाखवावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

एक महिला शेतकरी, निफाड