दव पडलेल्या गाडीवर फडके नको

संपादक महोदय,

थंडी सुरू झाली की गोव्यातल्या गृहसंकुलांत सकाळी सातला ठरलेला कार्यक्रम असतो. रात्रभरच्या दवाने गाड्या न्हालेल्या असतात आणि कोणीतरी त्या फडक्याने घसाघसा पुसत असते. आयते पाणी पडलेच आहे तर पुसून घेऊ, असा त्यामागचा हिशेब. गाडीच्या रंगाला याहून वाईट सवय नाही. दव पडलेली मळकी गाडी तशीच सोडून दिली तरी चालेल, पण पुसू नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

आपल्याकडची तांबडी धूळ जांभ्याची. तिच्यात लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे असतात, शिवाय गारेचे बारीक कण. रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा हे कण कितीतरी कठीण. पावसाळ्यात ती धूळ सरीबरोबर वाहून जाते, पण ऑक्टोबरनंतर जूनपर्यंत पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे ती साठत राहते. डिचोली-सावर्ड्याकडे खनिजाच्या रस्त्यांची धूळ, वास्कोत कोळशाची काळी भुकटी, बाकी सगळीकडे बांधकामांची. दवाचे पाणी एवढे थोडे असते की धुळीचा चिखल होतो, पण कण तरंगून सुटत नाहीत. त्यावर फडके फिरवले की कण कापडात अडकतात आणि पुढच्या हातासरशी रंगावर ओढले जातात. उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ते यातूनच आलेले.

हे ओरखडे पॉलिशने काढता येतात, पण फुकट नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंग असतो. त्यातला वरचा पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पॉलिश, दर वेळी त्यातलेच काही मायक्रॉन खरवडून चमक आणते. दर दिवाळीला गाडी घासून घेणाऱ्यांच्या गाड्या पाच-सहा वर्षांत कडांवर पांढुरक्या पडतात, त्याचे कारण बऱ्याचदा हेच असते.

थंडीत गाडी जपण्याचे परदेशी सल्ले वाचायला मिळतात, त्यांत रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाची धास्ती असते. आपले मीठ हवेतून येते. दुपारचे खारे वारे मिरामार, कळंगुट, कोलव्याच्या बाजूने ते आत आणून गाड्यांवर बसवतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढून घेते, आणि इथल्या रात्री ती पातळी सहज ओलांडतात. वर दव. म्हणजे दिवसा सुकलेले मीठ रोज रात्री पुन्हा ओले होते. रंग शाबूत असेल तिथे याने फारसे बिघडत नाही. खडा लागून टवका उडालेल्या जागी, दाराच्या खालच्या घडीत आणि चाकांच्या कमानींच्या आतल्या कडांना गंज सुरू होतो. म्हणून समुद्राकाठी राहणाऱ्यांनी गाडी आठवड्यातून एकदा तरी धुवावी. आतल्या तालुक्यांत पंधरा दिवसांनी चालेल.

धुण्याची वेळ उन्हाच्या आधीची, सावलीतली. थंडी म्हटली तरी दुपारी पारा ३० अंशांच्या वर असतो आणि गडद रंगाचे बॉनेट हात ठेववत नाही इतके तापते. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळून डाग पडतात. संध्याकाळी धुतली तर काळोख पडायच्या आत पुसून कोरडी करावी.

आधी चाके, तीही वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या ब्रशने, कारण ब्रेकची भुकटी रंगाला लागू द्यायची नसते. मग अंगावरची सुटी धूळ हात न लावता काढायची. प्रेशर पंप नसला म्हणून अडत नाही. बागेत वापरतात तो २ लिटरचा हातपंप घ्यावा (कीटकनाशक कधीही न भरलेला), त्यात पाणी आणि २० मिलि कार शाम्पू घालून खालून वर फवारावा, चार-पाच मिनिटे थांबावे आणि वाळायच्या आत पाइपने किंवा झारीने वरून खाली पाणी सोडावे. निम्म्याहून अधिक धूळ इथेच जाते. संपूर्ण धुण्यात एकच गोष्ट नीट करायची असेल तर ती ही.

नंतर दोन बादल्या. एकीत १० लिटर पाण्याला बाटलीवर लिहिले असेल तेवढा शाम्पू, बहुधा २० ते ३० मिलि; दुसरीत नुसते पाणी. स्पंज नको, त्याच्या सपाट तोंडावर खडे अडकून राहतात. मायक्रोफायबरचा हातमोजा घ्यावा, त्याच्या लांब धाग्यांत खडे आत शिरतात. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग या क्रमाने, सरळ रेषेत, दाब न देता. एकेक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. त्या साध्या पाण्याच्या बादलीचा तळ शेवटी बघावा, मग वेगळा युक्तिवाद लागत नाही. दारांचा खालचा तिसरा हिस्सा आणि मागचा बंपर सर्वांत मळके. ते शेवटी आणि जुन्या मोज्याने.

भांड्यांचे साबण आणि कपड्यांची पावडर नको. रंगावर मेणाचा थर असेल तर हे साबण तो दोन-तीन धुण्यांत उतरवतात. पाण्यात थोडे रॉकेल घालून गाडी पुसायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. तासभर चमक येते खरी, पण तेलकट थरावर दुप्पट धूळ चिकटते आणि दारांची रबरे फुगतात.

पाणी कुठले, यालाही महत्त्व आहे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्याकडे खारटतात, काही बोअरवेलच्या पाण्यात लोह असते. काचेवर चार थेंब वाळू द्यावेत. पांढरे कडे उरले तर शेवटचे धुणे नळाच्या पाण्याने करावे. बादलीत रात्रभर ठेवलेले पाणी तांबूस झाले तर ते पांढऱ्या गाडीला अजिबात नको. डाग पडलेच तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्याचे ओले कापड मिनिटभर ठेवावे आणि लगेच धुऊन टाकावे. शेवटी पाइपची तोटी काढून पाणी संथ सोडले तर ते चादरीसारखे एकसंध वाहून जाते आणि पुसायला थोडेच उरते. टॉवेल मोठा, जाड मायक्रोफायबरचा असावा. पसरून हलकेच ओढायचा, घासायचा नाही. तो धुताना फॅब्रिक कंडिशनर घातला की पाणी शोषणे बंद.

त्याच पाइपने चाकांच्या कमानींत आणि गाडीखाली पाच मिनिटे पाणी मारावे. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायची छोटी भोके असतात, ती काडीने मोकळी करावीत. वायपरखालच्या जाळीत या दिवसांत सुकी पाने भरतात, तीही काढावीत.

आता झाडे. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहोर येतो आणि त्यावरचे तुडतुडे चिकट गोड द्रव टाकतात. पाण्याने भिजवून पाच मिनिटे ठेवले की तो विरघळतो. ठेवून दिला तर त्यावर काळी बुरशी धरते. झाडाचा चीक किंवा डिंक मात्र पाण्याला दाद देत नाही. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मे पाणी मिसळून, कापडावर घेऊन लावावे. पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा त्याच दिवशी निघायला हवी. ती आम्ल असते आणि उन्हात तापून नरम झालेल्या थरावर कायमची खूण सोडते. ओला टिश्यू पाच मिनिटे ठेवून उचलून घ्यावा. यासाठी पाण्याची छोटी फवारणीची बाटली गाडीतच असलेली बरी. माडाखाली गाडी लावणाऱ्याला काय सांगावे?

पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसले की लोक तांबड्या मातीला दोष देतात. माती धुतली जाते. न जाणारे ठिपके बहुधा लोखंडाच्या कणांचे असतात: ब्रेकचे, किंवा जवळपास ग्रिलचे ग्राइंडिंग चालू असेल तर त्याचे. ते गरम असताना रंगात रुततात आणि दवाने गंजतात. आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण) फवारला की त्या जागी जांभळे ओघळ येतात. सावलीत, हातमोजे घालून तीन-चार मिनिटे ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. त्यानंतरही पातळ प्लॅस्टिक पिशवीत हात घालून फिरवल्यावर पृष्ठभाग खरबरीत लागला तरच क्ले बार (रुतलेले कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी) वापरावा, शाम्पूच्या पाण्यावर घसरवत. तो जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा, कितीही नवा असो. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, एवढे पुरे.

मग मेण. इथल्या उन्हात कार्नोबा मेण दोनेक महिने टिकते, सिंथेटिक सीलंट (मेणाऐवजी लावायचा रासायनिक संरक्षक लेप) चार-पाच महिने. थर जितका पातळ तितका चांगला. बोट फिरवून स्वच्छ निघाला की पुसायचा. काळ्या प्लॅस्टिकला लावू नये, पांढरे डाग राहतात. बऱ्याच सीलंटना मुरायला १२ ते २४ तास कोरडे लागतात, आणि उघड्यावर उभ्या गाडीवर त्याच रात्री दव पडते. म्हणून हे काम सकाळी उरकावे आणि ती रात्र गाडी छपराखाली काढावी. सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीतला ९एच हा कठीणपणाचा आकडा पेन्सिलीच्या कसोटीचा आहे, हिऱ्या-माणकांच्या मोजपट्टीचा नव्हे. ते कोटिंग असलेल्या गाडीवरही चिखलाचे फडके ओरखडे पाडतेच.

सकाळी कामावर निघायची घाई असेल तर फक्त काचा घ्याव्यात. पुढच्या काचेवर आधी वॉशरचे पाणी, मग वायपर. बाजूच्या काचांना रबरी पट्टी. बाकीचे दव उन्हाने आणि वाऱ्याने सुकते. धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर घालणे म्हणजे तेच फडके रात्रभर वाऱ्याने हलत ठेवणे, तेव्हा कव्हर धुतलेल्या आणि कोरड्या गाडीवरच घालावे, तेही हवा खेळती ठेवणारे.

गृहसंकुलांच्या समित्यांना एक सूचना. महिन्याच्या ठरावीक पैशांत रोज पुसायला येणाऱ्या मुलांकडे एक बादली आणि एकच फडके असते आणि त्यावर दहा गाड्या होतात. त्यात त्यांची चूक नाही, आपण तेवढेच मागतो. तेवढ्याच पैशांत रोजच्या पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा दोन बादल्यांचे धुणे ठरवावे, मोजा आणि टॉवेल ज्याने त्याने आपला द्यावा. त्यासाठी एक नळ आणि खडीची थोडी जागा लागेल. ती विहिरीपासून आणि शेताकडे जाणाऱ्या ओहोळापासून लांब निवडावी.

आपला,
गाड्यांच्या रंगकामातला एक वाचक,
फोंडा