किल्ली कुलपाशेजारीच

संपादक महोदय,

‘ब्राउझरमध्ये पासवर्ड कधीही साठवू नका’ हा सल्ला आपल्या अंकात पुन्हा वाचला. मग ठेवायचे कुठे? माझी 43 खाती आहेत. (जन्म हिशेब लिहिण्यात गेला, म्हणून मोजली.) एवढे पासवर्ड डोक्यात राहत नाहीत. मग माणूस एकच पासवर्ड सगळीकडे लावतो आणि एका ठिकाणचा फुटला की बाकीची दारेही उघडी पडतात.

माझी फजिती वेगळ्याच कारणाने झाली. मी फायरफॉक्स हा ब्राउझर वापरतो, ईमेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम. जुना संगणक भाच्याला द्यायला काढला. संगणकाला लॉगिनचा पासवर्ड नव्हता. त्याने सेटिंग्जमधून साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडली आणि एकेक मोठ्याने वाचू लागला. एकात सौभाग्यवतींचे नाव आणि पुढे 123 निघाले. सौभाग्यवती शेजारीच बसल्या होत्या. असो.

भाच्याने मग समजावले. पासवर्ड एका फाइलीत कूटबद्ध करून ठेवलेले असतात, पण ते उलगडणारी किल्ली त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या फाइलीत असते. आपण ‘प्रायमरी पासवर्ड’ (त्या किल्लीलाच कुलूप लावणारा एक पासवर्ड) ठरवला नसेल, तर दोन्ही फाइली उचलून नेणाऱ्याला सगळे आयते मिळते. फायरफॉक्समध्ये 2020 पर्यंत यालाच ‘मास्टर पासवर्ड’ म्हणत. तो दोन्ही प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे लावावा लागतो आणि आपणहून कोणी विचारत नाही. सेटिंग्जच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन शोधायचा. क्रोमची भिस्त मुख्यतः संगणकाच्या लॉगिनवर असते. तेव्हा माझ्यासारखे बिनपासवर्डाचे विंडोज वापरणाऱ्यांनी आधी विंडोजला पासवर्ड लावावा.

साठवण्याचा एक फायदा मात्र सल्लागार सांगतच नाहीत. गेल्या महिन्यात ‘खाते बंद होणार’ अशी मेल आली. लिंक दाबली, पान हुबेहूब तेच, पण पासवर्डाची चौकट रिकामी. ब्राउझरला दोन शब्द सुनावले आणि हाताने टाइप करायला बसलो. तेवढ्यात वरचा पत्ता पाहिला, तर त्यात एक अक्षर जास्त! ब्राउझर पत्ता जुळल्याशिवाय पासवर्ड भरत नाही. मी चेहऱ्यावर भुललो होतो.

प्रायमरी पासवर्ड विसरला तर तो परत मिळवता येत नाही. रीसेट केला की साठवलेले सगळे पुसले जाते. म्हणून तो मी कागदावर लिहून कपाटात ठेवला आहे. भाचा यावर हसतो. हसू दे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस